इस्तख्रच्या टांकसाळीतली अनोशग

माझ्या भावाची, विंदादची बायको अनोशग आमच्या इस्तख्रला आली ती सुशाहून, कितीतरी दिवस गाढवावर बसून. तिच्या बापाने आंदण काय दिलं, तर एक गालिचा, दोन तांब्याची भांडी आणि चामड्याची एक गुंडाळी. गुंडाळी मी तिच्यादेखतच सोडली. विंदादहून मी नऊ वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेल्यामुळे भावाच्याच घरी राहणारी. किल्ल्या माझ्या कमरेला. मग मी नाही बघायचं तर कोणी? आत सात लोखंडी सळ्या निघाल्या, एकीचं टोक दुसरीहून बारीक.

"सुशाला मुलींना एवढ्या जाड सुया देतात वाटतं?" मी विचारलं.

"सुया नाहीत वन्सं. दगड कोरायच्या सळ्या आहेत. बाबांनी दिल्या."

"इथे दगड कोरायचा नाहीये. मसूर शिजवायची आहे."

ती हसली आणि शिजवायला गेली. मसूर करपली. दुसऱ्या दिवशी रोटी तंदूरच्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडली. तिसऱ्या दिवशी मी तिला दही लावायला सांगितलं, ते लागलंच नाही. शेजारणींना मी सांगत सुटले, "भावाने बायको आणली नाही, पाहुणी आणली आहे."

तिचा बाप पुसग हा शिक्क्यांच्या मोहरा कोरणारा. अकीकाच्या नखाएवढ्या खड्यावर तो सिंह, बैल, मालकाचं नाव असं काय काय कोरायचा. मुलगा नव्हता, म्हणून दोन्ही मुलींना हाताशी घेऊन बसायचा. त्यामुळे अनोशगला अक्षरं येत होती, आणि तीही मोहरेवर कोरतात तशी, उलटी. सरळ लिहिलेलं वाचताना ती अडखळायची, उलटं घडाघडा वाचायची.

विंदाद टांकसाळीत ठसे कोरायचा. आमचे बाबाही तेच करत. लोखंडाच्या दोन तोंडांमध्ये चांदीची चकती ठेवायची, वरून घण घालायचा, की एका बाजूला राजा उमटतो आणि दुसऱ्या बाजूला जे काय असेल ते. चांदी टांकसाळीची, घण दुसऱ्याचा, पण राजाचं नाक, डोळे, दाढीची वळणं कोरायची विंदादने. कान मात्र बाबांच्या हातून चांगला यायचा. विंदादच्या हातून तो अक्रोडासारखा यायचा, आणि बाबा असताना त्यावरून त्याची फार थट्टा व्हायची.

लग्नाला पाच वर्षं झाली असतील. एकदा जेवताना विंदादने पाणी ओतलं ते पेल्याच्या बाजूला. मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुझं?" अनोशगने पेला त्याच्या हाताखाली सरकवला. तो सरकवण्यातला सराव मला दिसला, पण अर्थ नाही कळला. मग एका दुपारी मी ओढ्यावरून धुणं घेऊन लवकर परतले. मागच्या खोलीच्या खिडकीपाशी ती उन्हात बसलेली, गुडघ्यांच्या बेचक्यात लोखंडी ठसा, हातात बापाची सळई. शेजारी विंदाद मांडीवर हात ठेवून बसलेला. ती फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवत होती आणि तो विचारत होता, "दाढी झाली का?"

माझ्या हातातलं धुणं तसंच खाली पडलं.

"ताई, ओरडू नकोस," विंदाद म्हणाला. "मला दिसत नाहीये. दोन वर्षं होत आली. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

"आणि टांकसाळीत?"

"लोखंड घडवतो, घासतो, पाणी देतो. ते हाताला कळतं. चेहरा मात्र ही कोरते. अंगरख्याच्या आत घालून आणतो, तसाच नेतो. दारावरचा पहारेकरी आपल्यातलाच आहे."

टांकसाळीच्या दाराबाहेर ठसा नेणाऱ्याचा हात मनगटापासून तोडतात, हे इस्तख्रमधलं शेंबडं पोरही सांगेल. घरी ठसा नेणारा उद्या घरी नाणीही पाडेल, असा कायद्याचा हिशेब. मी कपाळ बडवून घेतलं. अनोशगला म्हटलं, "तुला कळायला नको?"

"यांना आता कोरता येत नाही म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं यांना," ती म्हणाली. "मग खायचं काय? मला तर तुम्हीच म्हणता, मसूरसुद्धा शिजवता येत नाही."

त्या दिवसापासून दुपारी मी पुढच्या दारात लोकर कातत बसायला लागले. कोणी आलं की मोठ्याने खोकायचं, एवढंच काम.

ते दिवसच उलथापालथीचे होते. उत्तरेकडचे पहलव चारशे वर्षांहून जास्त काळ सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले, आमच्या पार्सचा राजाही त्यांच्याच मर्जीतला. आणि आमच्याच गावातल्या अनाहिता देवीच्या अग्निमंदिराचं राखणदार घराणं, त्यातल्या पापकने त्या राजाला मारलं आणि गादी घेतली. थोड्याच दिवसांत टांकसाळीला हुकूम आला: नव्या द्रम्मावर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, एका बाजूला पापकचा थोरला मुलगा, दुसऱ्या बाजूला खुद्द पापक. पहलवांच्या सम्राटाची परवानगी वगैरे काही नाही. बाजारात लोक नाणं हातात घेऊन एकमेकांकडे बघत. एक शिंपी मला म्हणाला, "बाई, हे घेऊ की नको? हे घेतलं तर बंड आणि नाही घेतलं तरी बंड."

थोरल्याचे अकरा ठसे विंदादच्या नावावर झाले. अकराही अनोशगने कोरले.

मग पापक गेला, आणि थोरला न् धाकटा, दोघे भाऊ एकमेकांवर चालून निघाले. धाकटा अर्दशीर दाराबगर्दहून, थोरला इथून. वाटेत थोरला एका पडक्या जुन्या महालात उतरला, तिथे वरून दगड कोसळला आणि त्याच्याखाली तो मेला. दगड आपोआप पडला की कसा, यावर आम्ही स्वयंपाकघरातसुद्धा बोलत नव्हतो. बाकीच्या भावांनी मुकुट अर्दशीरपुढे ठेवला. बातमी इस्तख्रला आली तशी त्याच दुपारी टांकसाळीतून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारावर मोहर ठोकली.

विंदाद रिकाम्या हाताने घरी आला आणि भिंत धरून उभा राहिला.

"अकरावा कुठे आहे?" त्याने विचारलं.

अकरावा आमच्या मागच्या खोलीत, लोकरीच्या टोपलीखाली होता. दाढीच्या कडेला बारीक चीर गेली होती, ती साफ करायला आदल्या संध्याकाळी आणलेला.

दवंडी झाली. सात दिवसांनी थोरल्याचे सगळे ठसे बाहेर काढायचे, ज्याच्या त्याच्या खुणेशी ताडून बघायचे आणि मोबेदसमोर, म्हणजे अग्निमंदिराच्या पुजाऱ्यासमोर फोडायचे. प्रत्येक ठशाच्या बुडाशी कोरणाऱ्याची खूण असते. विंदादची खूण डाळिंबाची. टांकसाळीत डाळिंबं दहाच निघणार होती.

ते सात दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. मी म्हटलं, नदीत टाकू. विंदाद म्हणाला, "टाकला तरी एक कमीच भरणार."

"हरवला म्हणून सांग."

"ताई, ठसा हरवत नसतो. हरवला म्हणजे विकला. एक तर खोटी नाणी पाडणाऱ्याला, नाहीतर मेलेल्या राजाच्या माणसांना. पहिल्यात हात जाईल, दुसऱ्यात मान."

सहाव्या दिवशी माझा तोल गेला. अनोशग अंगणात धान्य निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुझ्या हौसेपायी माझ्या भावाचा जीव जाणार आहे. घरात सळ्या घेऊन आलीस तेव्हाच मी त्या विहिरीत टाकायला हव्या होत्या. नवऱ्याची एवढी काळजी असेल, तर जा आणि सांग तिथे, मी केलं म्हणून."

मी हे बोलले. कोणाच्या तोंडचं नाही सांगत, माझ्याच. तिने माझ्याकडे बघितलं, सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा निवडायला लागली.

सातव्या दिवशी सकाळी उठून बघते, तर ती लग्नातला निळा झगा घालून दारात. काखेत रोट्यांचं फडकं, त्यात काहीतरी जड. मी विचारायच्या आत ती रस्त्याला लागली. मी विंदादला हाताला धरून अक्षरशः ओढत तिच्या मागे निघाले. तो दोनदा ठेचकाळला. "हळू, ताई, हळू," म्हणत होता, आणि मग त्याला कळलं आपण कुठे चाललोय. त्यानंतर तोच मला ओढायला लागला.

टांकसाळीच्या चौकात ठशांची रास पडलेली. कारभारी बुर्झक तिपाईवर बसलेला, सुजलेला पाय उशीवर. भला जाडजूड माणूस, पण डोळे सुईच्या टोकासारखे. त्याच्या बाजूला मोबेद वेहदाद, शुभ्र कपड्यांत, श्वास अग्नीला लागू नये म्हणून बांधतात तो पांढरा पदर तोंडावर. सगळे हातोडेवाले, कोरणारे भिंतीला लागून उभे.

"बाई, आज रोट्यांचं काम नाही," बुर्झक म्हणाला.

"रोट्या नाहीत, कारभारी." तिने फडकं सोडलं आणि ठसा राशीच्या टोकाला ठेवला. "डाळिंबाची खूण. अकरावा."

बुर्झकने ठसा हातात घेऊन बुडाची खूण बघितली.

"हा तुझ्याकडे कसा?"

"मी कोरला म्हणून. हा आणि बाकीचे दहाही. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर पडदा आलाय. ठसे मी घरी मागवत होते. मागितले मी, दोष माझा."

विंदाद माझा हात सोडून पुढे झाला. त्याला वाटलं तो बुर्झकसमोर उभा आहे. होता तो मोबेदसमोर. "मी नेले," तो मोबेदला म्हणाला. "ती कशी नेणार? ती तर दारातही आलेली नाही कधी."

"इकडे, इकडे," बुर्झक वैतागून म्हणाला. "मी इकडे आहे." मग त्याने विंदादच्या तोंडासमोर हात हलवून बघितला. विंदादची पापणी लवली नाही. "इतकी वर्षं हा आंधळा माझ्या समोर बसून ठसे देतोय, आणि मी याला म्हणत होतो, पोरा, तुझा हात सुधारला. कान सुधारला म्हणून बक्षीस दिलं होतं मी याला!"

भिंतीपाशी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"हे खोटं बोलतायत दोघं," एक कोरणारा म्हणाला. "बाईमाणूस लोखंडावर चेहरा कोरणार? नवऱ्याला वाचवायला सोंग आहे सगळं."

बुर्झकने हात मागे करून नव्या ठशाने ठोकून बघितलेली एक शिशाची चकती मागवली आणि तिच्यासमोर धरली. अर्दशीरचा नवा हुकूम अवघड होता. आजवरचे सगळे राजे नाण्यावर एका बाजूला तोंड करून बसलेले. याला समोरून बघणारा चेहरा हवा होता. टांकसाळ बंद असली तरी बुर्झकने दोघातिघांना आत कोंडून घेऊन कोरायला लावलं होतं. शिशावर उमटलेला तो चेहरा मीही पाहिला. पापकचा मुलगा कसला, घुबड!

"काय चुकलंय यात?" बुर्झकने विचारलं. "तू कोरतेस ना? मग सांग."

अनोशगने चकती उन्हात तिरकी धरली, अंगठा फिरवला. "नाक आधी कोरलंय. नाक सगळ्यांत उंच यावं म्हणून ठशात खोल नेलंय. त्यामुळे चांदी नाकातच शिरते आणि गाल उपाशी राहतात. वर हे नाणं चार हात फिरलं की नाकच आधी झिजणार आणि राजा नकटा होणार. नाक उथळ ठेवायचं. डोळ्यांच्या कडा आणि गालाची बाजू खोल घ्यायची. मग नाक उंच नसलं तरी उंच वाटतं."

तो मघाचा कोरणारा चकती बघायला पुढे सरकला.

"आणि अक्षरं," ती म्हणाली, "ठशात राजाच्या नावातलं एक अक्षर सुलटं कोरलंय. म्हणून इथे ते उलटं उमटलंय."

बुर्झकने चकती डोळ्याजवळ नेली, लांब नेली, मोबेदला दिली. मोबेदने वाचली आणि मान हलवली. खरंच तसं होतं.

"दोन दिवस देतो," बुर्झक म्हणाला. "याच चौकात, सगळ्यांसमोर. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर दोघांचंही एकदमच बोलू."

ती दोन दिवस चौकात डाळिंबाच्या झाडाखाली बसली. राजाच्या शिल्पकाराने पाठवलेला मातीचा मुखवटा समोर ठेवला होता. ती अधूनमधून डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायची. मी सकाळ-दुपार रोटी आणि पनीर घेऊन जायचे. पहारेकरी रोटी तोडून बघून मगच देऊ द्यायचा. आम्ही बोलत नव्हतो. मी फडकं ठेवायचे, ती मान हलवायची. एकदा तिचं बोट कापलेलं दिसलं, तर मी माझ्या ओढणीची पट्टी फाडली. तिने हात पुढे केला, मी बांधली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत शिशावर पहिला घाव पडला. बुर्झकने चकती उचलून उन्हात धरली. मग म्हणाला, "हा बघतोय माझ्याकडे." आणि खरोखरच चकती खाली ठेवून तो थोडा मागे सरकला. दुखऱ्या पायावर!

मोबेद वेहदाद मात्र अडून बसला. "चेहरा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण टांकसाळीत अग्नी आहे. बाईमाणसाला महिन्याचे चार दिवस अग्नीसमोर येता येत नाही."

"मग चार दिवस घरी बसेल," बुर्झक म्हणाला. "माझे हातोडेवाले महिन्याचे दहा दिवस दारू पिऊन पडलेले असतात. त्यांच्याबद्दल शास्त्रात काही आहे का, मोबेदजी?"

मोबेदच्या तोंडावर पदर होता, त्यामुळे तो हसला की रागावला ते कळलं नाही. पण हरकत त्याने सोडून दिली.

राहिला विंदाद. त्याने आपण होऊनच उजवा हात पुढे केला, मग विचार करून मागे घेतला आणि डावा केला. "कायदा हात म्हणतो, कुठला ते म्हणत नाही. डावा घ्या. उजव्याने मी अजून लोखंड घासू शकतो."

"गप बस," बुर्झक म्हणाला. "आंधळ्याचा हात तोडला तर तो भिंत कशाने शोधणार?" त्याने दहा फटक्यांची शिक्षा दिली आणि नोकरीवरून काढलं. पहारेकऱ्यालाही तेवढेच फटके. अनोशगला कोरणाऱ्याच्या अर्ध्या पगारावर ठेवली, ठशावर खूण डाळिंबाचीच, दप्तरात नाव विंदादचंच. बुर्झक वाईट माणूस नव्हता, पण अर्ध्या पगारात मिळणारी वस्तू पुऱ्या पगारात घेणाराही नव्हता. आणि त्याला गरजही होती: पहलवांशी युद्ध आज ना उद्या होणार हे उघड होतं, सैन्याला चांदी हवी होती, आणि आपण थोरल्याचे ठसे कोरले या भीतीने निम्मे कोरणारे आधीच पळाले होते.

मग फोडायची वेळ आली. ज्याने कोरला त्याने फोडायचा, असा रिवाज. बुर्झकने घण अनोशगच्या हातात दिला. अकरा ठसे. पहिले दहा तिने एकामागून एक फोडले. अकराव्यावर तीन घाव घातले तरी चेहरा तसाच. एक हातोडेवाला पुढे आला, "द्या बाई, मी करतो," म्हणाला. तिने नको म्हणून मान हलवली. चौथ्या घावाला ठसा दाढीपासून उभा तडकला.

घरी परतताना विंदाद पालथा गाढवावर, पाठीवर तूप लावलेलं. ती माझ्या बाजूने चालत होती. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाली, "वन्सं, अकराव्याचा कान फार छान जमला होता."

त्या आठवड्यात मी अक्रोड आणि डाळिंबाच्या रसातलं मटण केलं. आमच्याकडे ते फक्त नवरोजच्या सणाला होतं. तिला वाढलं आणि समोर बसले. म्हटलं, "त्या दिवशी अंगणात मी जे बोलले..."

"वन्सं, जरा मीठ द्या," ती म्हणाली.

मी मीठ दिलं. मटणात मीठ अगदी बरोबर होतं.

त्यानंतर चौदा वर्षं ती टांकसाळीत जात होती. तिला सरपणाच्या कोठीशेजारची जागा दिली होती, उत्तरेच्या उजेडाची. पहिली दोन वर्षं कोणी तिच्याशी बोललं नाही. मग एकाला नाव उलटं लिहिता येईना, दुसऱ्याची दाढी जमेना, असं करत करत सगळे येऊन बसायला लागले. घरी येऊन ती मला त्यांच्या नकला करून दाखवायची. बुर्झकचं लंगडत येणं तर इतकं हुबेहूब करायची, की विंदाद न बघताच हसायचा. पावलांच्या आवाजावरूनच त्याला कळायचं.

पहलवांचा सम्राट लढाईत पडला आणि अर्दशीर राजांचा राजा झाला, त्या वर्षी टांकसाळीत चांदीची पोती यायला लागली. पहलवांची जुनी नाणी, मागे धनुष्य घेतलेला माणूस बसलेला. आमच्या आजोबांच्या आधीपासून तो तिथे बसलेला होता. तो सगळा वितळवायचा होता. नवं नाणं मोठं, रुंद, पातळ. एका बाजूला नव्या मुकुटातला राजा, आणि दुसऱ्या बाजूला माणूसच नाही, नुसता अग्नी, वेदीवर पेटलेला. राजदरबारातून चामड्यावर काढलेली आकृती आली. ती कितीतरी गावच्या टांकसाळींत गेली असेल, आमच्याकडेही आली.

सगळ्यांच्या ज्वाळा गव्हाच्या पेंढीसारख्या येत होत्या. अनोशगच्याही. तिने स्वतःच शिसं ठोकून बघितलं आणि ठसा बाजूला टाकला. मग ती महिनाभर रोज टांकसाळीच्या आधी अग्निमंदिराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहायला लागली. वेहदाद आत चंदनाच्या काटक्या घालायचा, ती बघत राहायची. एक दिवस त्याने विचारलं, "एवढं काय बघतेस? रोज तोच तर आहे."

"रोज तोच असता तर जमलं असतं, मोबेदजी. हा क्षणभरही तोच राहत नाही."

वेहदादने त्या दिवशी एक काटकी जास्त घातली. दुसऱ्या दिवशीही. पुढे तो तिच्यासाठी काटक्या निवडून ठेवायचा, ओल्या निराळ्या, सुक्या निराळ्या, म्हणजे ज्वाळा वेगवेगळ्या दिसतील. हाच माणूस तिला टांकसाळीत येऊ द्यायला तयार नव्हता. त्या वर्षीचा द्रम्म हातात आला, की दर खेपेला मी आधी मागची बाजू बघायचे. तिथे पेंढी नव्हती.

विंदाद घरी बसून कंटाळायचा. मग तो सराफांच्या आळीत जाऊन बसायला लागला. संशयाचं नाणं लोक त्याच्याकडे आणायचे, तो दगडावर टाकून आवाज ऐकायचा, नखाने काठ चाचपायचा आणि सांगायचा, "तांबं आहे आत," किंवा "घ्या, चोख आहे." बदल्यात कोणी खजूर द्यायचं, कोणी वांगी. मूल त्यांना झालं नाही. त्याबद्दल मी आधी टोमणे मारायचे, नंतर मारले नाहीत.

चौदाव्या वर्षी हिवाळ्यात तिला ताप आला. तीन दिवस खोकत होती, चौथ्या दिवशी कामावर जायचं म्हणून उठून बसली, आणि मला म्हणाली, "बुर्झकला सांगा, शिशावर ठोकून बघितल्याशिवाय घण घालू नका म्हणावं. तो घाई करतो." संध्याकाळी गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. विंदाद बाहेर गाढवाला पाणी पाजत होता. त्याचं पाजून होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

आमच्यात माणूस गेलं की डोंगरावर उघड्यावर ठेवतात; तिला नेताना टांकसाळीतले सगळे आले. बुर्झक पालखीत बसून आला, कारण आता त्याला चालवतच नव्हतं. चौथ्या दिवशीच्या पहाटेची प्रार्थना करायला वेहदाद आपण होऊन आला. दक्षिणा घेणार नाही म्हणून दारातच सांगितलं. डोंगरावर जाऊन त्याने अग्नी पेटवला. मग त्याने विचारलं, "नाव काय घेऊ? विंदादची बायको म्हणून घेऊ?"

आमच्याकडे तसंच घेतात. मीही हो म्हणणार होते.

"पुसगची लेक अनोशग," विंदाद म्हणाला. "ठसे कोरणारी."

वेहदाद थांबला. प्रार्थनेत कामधंदा घालायची रीत नाही. त्याने विस्तवाकडे बघितलं, मग विंदादकडे, आणि तसंच म्हटलं, शब्दाला शब्द.

उजाडल्यावर आम्ही डोंगर उतरलो. विंदादचा हात माझ्या खांद्यावर होता, वाट निसरडी होती. खाली ओढ्यापाशी एक बाई गरम रोट्या विकत होती. चार दिवस घरात चूल पेटली नव्हती. विंदाद म्हणाला, "ताई, भूक लागलीय." मला त्याची लाज वाटली, आणि मग कळलं की मलाही लागली आहे. मी दोन रोट्या घेतल्या, एक त्याच्या हातात दिली, आणि आम्ही दगडावर बसून खाल्ल्या.